बियाण्याचं फळ

आमच्या घरात चांगला टोमॅटो कधी कुणाला खायला मिळाला नाही. परसात यायचे ढिगाने, पण वाटणीचा कायदा ठरलेला होता. सगळ्यांत देखणा, झाडावरच पूर्ण पिकलेला, तो बियाण्याला. त्याच्या खालोखालचे गल्लीत वाटायला. आणि फुटके, डागी, खारीने एका बाजूने चाखून बघितलेले, ते नवऱ्याला. नवरा म्हणजे मी. मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत माझ्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे, कानडी लोकही आणि आपले लोकही. पुढे पुढे मीसुद्धा तिला अक्काच म्हणायला लागलो. दुकानाच्या पाटीवर माझं नाव होतं, पण पाटी कोण वाचतो? गल्लीत माझी ओळख 'अक्कांचे यजमान' एवढीच होती.

मी शिंपी. शाळा लवकर सुटली, आणि आमच्या मास्तरांनी त्याबद्दल देवाला नारळ फोडला असणार. लिहायची सवय म्हणाल तर छाती, कंबर, बाही, एवढीच. आता ह्या वयात बायकोबद्दल चार ओळी लिहाव्यात म्हणून बसलो, तर पहिलीच ओळ टोमॅटोची निघाली, आणि तीसुद्धा तक्रारीची. म्हणजे बघा कसला माणूस तिच्या वाट्याला आला होता.

तो टोमॅटो दिसायला सुंदर होता असं समजू नका. डांगर भोपळ्यासारख्या पाकळ्या पडलेल्या, देठाजवळ हिरवा, खांद्यांवर भेगा, रंग लाल म्हणावा तर लाल नाही. आमच्याकडे बाजारात अशा गावठी मालाला 'नाटी' म्हणतात आणि गुळगुळीत, गोल, टणक असतो त्याला हायब्रीड. तिचा नाटी सकाळी तोडला तर संध्याकाळी बसायला लागायचा. मी एकदा म्हटलं, "बाजारचा बघ, आठवडाभर तसाच्या तसा राहतो." ती म्हणाली, "तुम्हीपण राहता. काही सांगा, काही बोला, आठवडाभर तसेच्या तसे." पण त्याचं सार केलं, वरून मोहरी-कढीलिंबाची फोडणी दिली, की गल्लीच्या तोंडापर्यंत माणूस मान वळवायचा. मी दुकानात असलो तर कातरकाम अर्धं टाकून यायचो. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय त्या सारापायी आखूड झालेला आहे.

ते बियाणं मुळात कुठून आलं हे विचारलं, की ती दरवेळी वेगळं सांगायची. कधी म्हणायची, लग्नात एका कानडी आजीने ओटीत घातलं. कधी म्हणायची, माहेरच्या विहिरीपाशी आपोआप उगवलं होतं. आणि एकदा रागाच्या भरात बोलून गेली, की बाजारात उकिरड्याच्या कडेला पडलेला कुजका टोमॅटो होता, चांगला दिसला म्हणून उचलला. माझा ह्या तिसऱ्यावर विश्वास आहे. पडलेलं, टाकलेलं उचलायची तिला खोडच होती. मला पसंत केलं ते काय उगीच?

ती झाडांशी कानडीत बोलायची. सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी घेऊन परसात जायची आणि एकेका रोपाला विचारायची, "ऊटा आयता?" म्हणजे, जेवण झालं का? अगदी आदराने, पाहुण्याला विचारावं तसं. मी म्हटलं, "आपण घरात मराठी बोलतो, मग ह्यांच्याशी कानडी का?" तर म्हणे, "ती इथल्या मातीतली. त्यांना मराठी कुठून येणार?" मी म्हटलं, "माझाही जन्म इथलाच. मला कधी विचारलंस का जेवण झालं का म्हणून?" ती म्हणाली, "तुम्ही न विचारता जेवता."

दुसरी खोड म्हणजे चोरी. दुकानातल्या चिंध्या ती पळवायची, रोपं काठीला बांधायला. सुतळीने देठ कापतो म्हणे. चिंध्या नेल्या तर नेल्या, पण तिला चिंधी आणि तुकडा ह्यांतला फरक मान्य नव्हता. उंची सुटिंगचा एखादा तुकडा मी खिशाच्या अस्तराला म्हणून जपून ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी तो टोमॅटोच्या कमरेला दिसावा. एकदा एक गिऱ्हाईक बटण लावून घ्यायला घरी आलं, परसात डोकावलं आणि म्हणालं, "हे माझ्या सफारीचं कापड दिसतंय." अक्का लगेच बाहेर आली. "हो, तुमचंच. तुमच्या कापडाचं झाड बघा कसं ताठ उभं आहे." तो माणूस खूष होऊन गेला. मी त्याला काय सांगणार होतो कुणास ठाऊक, बहुतेक माफी मागितली असती आणि गिऱ्हाईक घालवलं असतं.

आता वासाबद्दल सांगतो. बियाण्याचं फळ असं नुसतं कापून बी काढत नाहीत. पार मऊ झालं की त्याचा बलक वाडग्यात पिळायचा, वर थोडं पाणी, आणि वाडगा झाकून तसाच ठेवायचा. दोन-तीन दिवसांत त्यावर पांढरी साय धरते. बीभोवती जो बुळबुळीत पदर असतो तो तेव्हाच सुटतो आणि चांगलं बी खाली बसतं. हे सगळं खरं, पण तेवढे दिवस घरात जो वास सुटतो तो मी ह्या कागदावर लिहू शकत नाही. चिलटं तर अशी यायची की जणू आमंत्रण धाडलंय. आमच्या मुलासाठी, प्रकाशसाठी, सांगून आलेली माणसं घर बघायला आली, तीही नेमकी ह्याच दिवसांत. पुण्याकडची मंडळी. मुलीच्या आईने पदर नाकाला लावला, बापाने खिडकीकडे बघितलं. मी उदबत्ती लावायला उठलो आणि घाईत वाडग्यालाच पाय लागला असता. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "काकू, हे फर्मेंट करायला ठेवलंय ना? बघू का?" अक्काने तिला आत नेलं. बाहेर आली ती मला खुणेने म्हणाली, ठरलं. पत्रिका, नोकरी, काही विचारलं नाही. मुलाला विचारायचं तर राहूनच गेलं. तो बिचारा अजून म्हणतो, माझं लग्न टोमॅटोशी लागलं.

प्रकाश आणि सून शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटला फ्लॅटमध्ये राहतात. एकदा सूनबाईने परदेशी बियांची पाकिटं आणून दिली. "आई, हे एअरलूम आहेत. म्हणजे जुनं बियाणं, पिढ्यान् पिढ्या जपलेलं."

"मग ते पाकिटात काय करतंय?" अक्का म्हणाली.

तरी हौसेने लावलं. काळे टोमॅटो आले, वांग्याच्या रंगाचे. आता काळं फळ पिकलं कधी हे कसं ओळखायचं? रोज दाबून बघायची, रोज वैतागायची. गल्लीत द्यायला गेली तर कुणी घेईना. समोरच्या जयम्मा म्हणाल्या, "अक्का, ह्याला कुणाची दृष्ट लागली काय?" शेवटी सगळे काळे टोमॅटो तिने स्वतः खाल्ले, तोंड वाकडं करून. सुनेने विचारलं तर म्हणाली, "फार छान." मी हसलो. त्या आठवड्यात मला सार नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. दवाखान्यात जाताना मला म्हणाली, दूधवाल्याला दोन दिवस नको म्हणून सांगा. एवढंच. बियाण्याबद्दल एक शब्द नाही, कारण दोन दिवसांत परत यायचं होतं. मी दूध बंद केलं ते अजून सुरू केलेलं नाही. काळा चहा पितो. सवय झाली असं लोकांना सांगतो.

फडताळात बियांची पुरचुंडी होती, राखेत घोळलेली, तिच्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली. दिवाळी झाली तशी मी ती सोडली आणि सगळं बी एका दमात पेरलं. निम्मं मागे ठेवायचं असतं हे मला नंतर कळलं. मग त्यावर प्रेम करायला लागलो. प्रेम म्हणजे पाणी. सकाळी पाणी, दुपारी पाणी, आठवण आली की पाणी. आणि आठवण तर येतच होती. रोपं आली आणि मुळापाशी गळून आडवी पडली. मी जयम्मांकडे धावलो, म्हटलं, "तुमच्याकडे अक्काचं बी असेल ना?" त्यांचं तोंड उतरलं. गल्लीतल्या सगळ्या बायका तिच्याकडून दरसाल रोप न्यायच्या, टोमॅटो खायच्या, पण बी कुणीच धरलं नव्हतं. "अक्का देतेच की म्हणून..." जयम्मा म्हणाल्या. मी दारोदार फिरून आलो. कुणाकडेच नाही. म्हणजे जे काय उरलं होतं ते माझ्या चिखलात.

त्यातून एक झाड वाचलं. ते का वाचलं मला माहीत नाही, बहुतेक माझ्या हाताला लागलं नाही म्हणून. त्याला फुलं आली, गळली. फळं धरली ती लिंबाएवढी होऊन किडली आणि हिरवीच पडली. एक राहिलं. एकच, पण काय सांगू, पाकळ्या अशा भरलेल्या, की तिने बघितलं असतं तर मला हातही लावू दिला नसता. मी शिंपी माणूस, दुसरं काय येतं? मी त्याला अंगरखा शिवला. मच्छरदाणीच्या जाळीचा, वरून देठापाशी बंद, बाजूने एक काजं आणि एक बटण. फळ वाढलं तशी शिवण उसवून दोनदा सैल केला. दुकान बंद केल्यापासून एवढं मन लावून मी काही शिवलं नव्हतं. गिऱ्हाईकही असं, की फिटिंगची तक्रार नाही.

फळ पिकत आलं आणि वर्षश्राद्ध आलं. यशवंतपूरहून माझी धाकटी बहीण शांता आली. नाव शांता आहे, बाकी तसं काही नाही. येताच तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मी म्हटलं, "एका पळीचं तरी सार करूया, तिच्या पानाला." तर माझ्यावर उखडली, "अण्णा, श्राद्धाला टोमॅटो चालतो का? वेड लागलं का तुला?" आणि सार करायचं तर कशाचं? त्या एका फळाचं? तेही मला कळत होतं. बियाणं घालवून सार केलं असतं तर तिने ते पान लाथाडलं असतं. पण मनातून काही गेलं नाही. बाईने जन्मभर टोमॅटो पिकवले, आणि तिच्याच पानावर भोपळा.

गुरुजींचं आटोपलं. कावळ्याचं पान मागच्या भिंतीवर ठेवलं, वडे, खीर, भात, सगळं. कावळे समोर नारळावर बसलेले, पण एक खाली येईना. सगळे ताटकळत उभे. प्रकाश हात जोडून म्हणाला, "आई, अप्पांना आम्ही आमच्याकडे नेतो. तू काळजी करू नकोस." कावळा नाही. मी म्हटलं, "त्यासाठीच येत नसेल. तुमच्या फ्लॅटमध्ये मी काय करणार ह्याचीच काळजी लागली असेल तिला." शांताने डोळे वटारले. शेवटी तीच म्हणाली, "वहिनी, तुझं काय राहिलं असेल ते सांग गं."

मी तिकडे दुर्लक्ष करून शांताच्या यजमानांना परसात नेलं होतं. का, तर फळ दाखवायला. मिरवायची हौस. अंगरख्याचं बटण काढलं, फळ उघडं केलं, त्यांनी "वा वा" म्हटलं. आणि तेवढ्यात गुरुजींनी हाक मारली म्हणून आम्ही भिंतीपाशी गेलो. बटण तसंच उघडं.

कावळा आला. थेट भिंतीवर बसला, पानाकडे तिरपी मान करून बघितलं, वड्याला चोच लावली नाही. तिथून दोन उड्या मारत परसात उतरला, आणि सरळ टोमॅटोवर.

"आली!" शांता ओरडली. "वहिनी आली! टोमॅटोच हवा होता गं बाई तिला!" सगळ्यांनी हात जोडले. सूनबाई रडायला लागली. गुरुजींनीसुद्धा मान डोलावली.

मी दाराआड ठेवलेली माझी कापड मोजायची लोखंडी गजपट्टी उचलली आणि धावलो.

"अण्णा!" शांताने माझं धोतर धरलं. "बायकोवर हात उगारतोस? आज? श्राद्धाच्या दिवशी?"

"ती नाही ती!" मी ओरडलो. "तिने बियाण्याच्या फळाला चोच लावली नसती! जन्मात लावली नाही!"

"जन्मात लावली नाही म्हणूनच आता लावतेय!" शांता तेवढ्याच जोरात ओरडली.

माझा हात तिथेच राहिला. कावळा, नाही तर जी कोण असेल ती, सावकाश खात होती. घाई नाही, इकडेतिकडे बघणं नाही. गर मऊ झाला होता, रस चोचीवरून गळत होता. सगळी गल्ली तिच्या हातचे टोमॅटो खाऊन गेली, आणि ती जेवायला बसायची तेव्हा पातेल्यात सारच उरलेलं नसायचं. मी कधी पातेल्यात डोकावलं होतं का? मी न विचारता जेवणारा. हातात गजपट्टी, कमरेला लोंबकळणारी बहीण, आणि समोर कावळा, असा मी उभा राहिलो. गुरुजींना असलं श्राद्ध पुन्हा बघायला मिळणार नाही.

अर्धं फळ गेलं. मग मात्र मी पुढे झालो. हुश्श हुश्श करायला गेलो आणि तोंडातून निघालं, "अगं, पुरे आता. स्वल्प ठेव की." कावळ्याने माझ्याकडे बघितलं, चोच फांदीला पुसली आणि उडाला.

शांता म्हणाली, ते उष्टं आहे, पितरांचं आहे, घरात न्यायचं नाही, झाडाखाली पुरून टाक. मी ऐकलं नाही. उरलेलं अर्धं वाडग्यात पिळलं. वर झाकण ठेवलं. शांता त्याच संध्याकाळी निघून गेली, जाताना पाया पडली पण माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी सूनबाई डबा घेऊन आली. दार उघडताच वास आला. ती पायरीवर बसून राहिली. मग आम्ही दोघांनी बी धुतलं. वर तरंगलं ते फोल म्हणून तिने ओतलं, खाली बसलेलं बशीत पसरलं. फार नव्हतं. पण होतं. निम्मं मी फडताळात ठेवलं. निम्मं पेरलं, आणि पाण्याची झारी जयम्मांकडे नेऊन दिली, म्हटलं, मी मागितली तरी देऊ नका.

रोपं आली. चांगली चार पानांवर आहेत आणि उभी आहेत. परवा शांता आली. घरात न येता मागच्या दारानेच आली, इकडचं तिकडचं बोलली, उन्हाचं, गुडघ्याचं. मग म्हणाली, "त्या उष्ट्यातलं एखादं रोप उरलं असेल तर दे."

मी म्हटलं, "देतो. पण बी धरशील ना?"

"धरीन की. कसं धरायचं ते सांग."

मी तिला वाडग्याचं सांगितलं, वासाचं सांगितलं. मग तिने विचारलं, रोप कुंडीत किती खोल लावायचं, शेंडा कधी खुडायचा, पहिलं फूल ठेवायचं की काढायचं? ह्यातलं मला काही माहीत नाही. जयम्मांना विचारलं तर त्या एक सांगतात, कोपऱ्यावरची सरोजा उलटं सांगते, आणि दोघी म्हणतात, अक्का असंच सांगायच्या. गल्लीतल्या प्रत्येकीला तिने शिकवलं. मला नाही शिकवलं. मी बिड्या ओढायचो, साखरेचा आजार माझा, वयानेही मीच मोठा. आधी मी जायचं हे आमच्यात कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण धरून चाललो होतो दोघंही. त्या हिशेबाने मला टोमॅटो शिकून करायचं काय होतं?